तंबूत अन्न ठेवू नये

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या गावात कीर्तन करवावं, हे माझं मत आमच्या शरयूला मान्य आहे. तो माणूस मीच असावा का, एवढ्यापुरताच आमचा मतभेद.

त्र्यंबकबुवा अमेरिकेच्या दौऱ्यावर येताहेत, ही बातमी मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या मंडळाच्या पत्रकात वाचली आणि त्याच संध्याकाळी तिकडे फोन लावला. श्याऐंशीच्या ऑगस्टमधला एक शनिवार-रविवार बुवांना रिकामा होता. तो मी मागून घेतला. फोन ठेवल्यावर माझे डोळे भरून आले. अकरा वर्षं मी आयोवात ट्रॅक्टरचे गिअर डिझाइन करतोय, आणि अकरा वर्षांत समोर उभ्या असलेल्या बुवांचं कीर्तन ऐकलेलं नाही. कॅसेटी आहेत माझ्याकडे, भरपूर आहेत. पण कॅसेटमधले बुवा आपल्याकडे बघत नाहीत. कीर्तनात बुवा एखादं वाक्य आपल्याकडे रोखून बघत टाकतात, आणि 'हे यांना कुणी सांगितलं?' असं वाटून आपण शेजाऱ्याकडे बघतो. ते सुख टेपरेकॉर्डर देत नाही.

"ते सगळं ठीक आहे," आमच्या मंडळाचा अध्यक्ष श्रीरंग म्हणाला, "पण बुवा झोपणार कुठे?"

श्रीरंग हा वाईट माणूस नाही. फक्त त्याला कुठल्याही चांगल्या गोष्टीत आधी भोक दिसतं. त्यातून त्याचा भाऊ शिकागोला राहतो, आणि भावाच्या घराला बेसमेंट आहे, आणि बेसमेंटला कार्पेट आहे. हे कार्पेट मंडळाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये अंथरलं जातं.

"अरे, अडुसष्ट वर्षांचा माणूस. शिवाय आपली तिन्ही राज्यांतली माणसं येणार, सत्तरएक. यार, ट्रॅक्टरच्या गावात कीर्तन कोण करतं? सरळ शिकागोला नेऊ."

मी उभा राहिलो. मीटिंगमध्ये मी सहसा उभा राहत नाही, कारण खुर्ची घडीची असते आणि उठलो की मिटते. "बुवांची व्यवस्था माझ्याकडे," मी म्हणालो. "पलंग, गादी, गरम पाणी. बुवांना फुलासारखं ठेवीन."

"ठेव. पण शनिवारी मला बुवांची गैरसोय दिसली, तर कीर्तन रविवारी शिकागोला. मी हॉल धरून ठेवतो. गाडी माझी."

ठरलं. टाळ्या झाल्या. मी बसलो, तर खुर्ची मिटलेली होती.

दुसऱ्या दिवशी कळलं की नेमक्या त्याच शनिवारी-रविवारी कौंटी फेअर आहे. ज्यांनी आयोवातला कौंटी फेअर पाहिला नसेल त्यांना सांगतो: डुकरांची सौंदर्यस्पर्धा असते, आणि तिला शंभर मैलांतून माणसं येतात. एकाही मोटेलात खोली नव्हती. शाळेच्या हॉलमध्ये मक्याचं प्रदर्शन, चर्चच्या हॉलमध्ये पायांचं. म्हणजे फळं भरून भाजतात त्या खायच्या पायांचं.

शेजारचा हॅरॉल्ड कुंपणाशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. हॅरॉल्ड निवृत्त आहे आणि त्याचं कुंपण कधीच रंगवून संपत नाही. तो म्हणाला, "मग कँपिंग करा की! तळं, झाडं, मोकळी हवा. तुमच्या प्रीचरला आवडेल." मग ब्रश ठेवून त्याने मला गोचिडी, विषारी वेल, गारा आणि चक्रीवादळ या चार विषयांवर तयार केलं. निघताना म्हणाला, "बाकी काही भीती नाही."

मला कल्पना एकदम पटली. ऋषिमुनी काय मोटेलात राहत होते?

"अहो, ऋषिमुनींच्या बायकांना कुणी विचारलं होतं का?" शरयू म्हणाली. तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन अटी लिहून फ्रिजवर लावल्या: पलंग, कडी लागणारं दार, गरम पाणी. "यातलं एक जरी नसलं, तर मी घरी. आणि मी घरी म्हणजे पेटी घरी." पेटी तीच वाजवते. मोठी हुशार बाई.

आमची सीमा तेव्हा चौदा वर्षांची. ती म्हणाली, "डॅड, धिस इज गोइंग टु बी सो एम्बॅरसिंग," आणि गाडीत येऊन बसली. पुढचे सहा रविवार आम्ही तिघं आयोवाचा ग्रामीण भाग पालथा घालत होतो.

पहिल्या ठिकाणी सरकारी जागा. सुंदर ओकची झाडं, आणि झाडांमागे एक लाकडी खोका, ज्यात खाली खड्डा. शरयू दार उघडून आत डोकावली, दार लावलं, आणि गाडीत जाऊन बसली.  दुसऱ्या ठिकाणी सगळं होतं: फरशीची न्हाणीघरं, आरसे, दाराला कड्यासुद्धा. मी हरखून आगाऊ नाव घालायला निघालो आणि वारा फिरला. पश्चिमेला डुकरांचा गोठा होता. मॅनेजर म्हणाला, "वारा नेहमी काही इकडून येत नसतो." मी विचारलं, "मग कधी येतो?" तो म्हणाला, "उन्हाळ्यात." तिसऱ्या ठिकाणी गाद्या होत्या, पण त्या पाण्याच्या. बुवांना पाण्यावर झोपवायचं म्हणजे तो शेषशायी थाट झाला. एवढा मान बुवांनाही संकोचाचा वाटला असता.

सहाव्या रविवारी आर्लीनबाई सापडल्या.

आर्लीनबाईंचं तळ्याकाठी शेत होतं. त्यांच्या दिवंगत नवऱ्याला आफ्रिकेत जाऊन सिंह बघायची फार हौस. ते काही जमलं नाही, म्हणून त्याने लष्कराच्या लिलावातून दवाखान्याचे आठ मोठे तंबू आणले, लाकडी चौथऱ्यांवर उभे केले, आत लोखंडी पलंग, गालिचे, कंदिलाच्या आकाराचे विजेचे दिवे, आणि प्रत्येक पलंगावर आर्लीनबाईंच्या हातची गोधडी. तंबूला दार लाकडी, दाराला कडी. पलीकडे न्हाणीघर, नळ उघडला की वाफ. शरयूने तिन्ही अटींवर मनातल्या मनात खुणा केलेल्या मी पाहिल्या. मग तिने गोधडीचा टाका उलटून बघितला आणि म्हणाली, "बाई कामाची आहे."

आर्लीनबाई सत्तरीच्या, उंच, पुरुषी शर्ट घातलेल्या. "कार्यक्रम काय आहे तुमचा?"

मी सांगितलं, आमचे एक बुवा आहेत, ते देवाबद्दल प्रवचन देतात, पण गाऊन. उभं राहून. तीन तास.

बाईंचा चेहरा बदलला. "गाणारा प्रीचर?" त्या म्हणाल्या. "माझी आई मला लहानपणी तंबूतल्या सभांना न्यायची. तिथे असा एक होता. साठ वर्षांत कुणी ऐकवला नाही." मग पुन्हा कडक होऊन त्यांनी नियमांचा कागद पुढे केला. दहानंतर आवाज नाही. रविवारी अकराला तंबू रिकामे. आणि लाल अक्षरांत: तंबूत अन्न ठेवू नये. मोडल्यास तासाभरात जागा सोडावी. "रकून," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं मी माफ करते. हे नाही."

रकून म्हणजे मांजराहून दांडगा, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला, माणसासारख्या बोटांचा प्राणी. मी सही केली. अगदी शुद्ध मनाने केली, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात असू द्यावं.

आता फक्त कौंटीचा परवाना उरला. पन्नासावर माणसं जमली की तो लागतो. खिडकीतल्या बाईंकडे कार्यक्रमांची छापील यादी होती: लग्न, कुटुंबमेळा, ट्रॅक्टरओढ, धर्मसभा. धर्मसभेवर खूण झाली. मग प्रश्न: उघडी ज्योत असणार का?

"असणार. आरती."

"किती ज्योती?"

"पाच."

"स्थिर की हलत्या?"

"हलत्या. ओवाळायच्या असतात."

बाईंनी पेन थांबवलं. "कुठल्या दिशेने?"

मी हाताने दाखवलं. मागे रांगेत उभा असलेला शेतकरी दोन पावलं सरकला. बाई आत जाऊन आल्या, आणि परवान्यावर टाइप झालं: पाच हलत्या ज्योती, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फक्त शेकोटीच्या लोखंडी कड्याच्या आत. म्हणजे आरती मी शेकोटीच्या कड्यात उभा राहून करायची होती. मान्य केलं. देवकार्यात माणसाने कुठे उभं राहावं हे देवच ठरवतो, कधीकधी कौंटीमार्फत.

शनिवारी सकाळी बुवांना विमानतळावरून आणलं. लहानखुरे, सावळे, हातात एक वळकटी आणि एक झांजांची पिशवी. तंबू बघून "वा!" म्हणाले. न्हाणीघरातलं पाणी दर तीन मिनिटांनी आपोआप बंद होतं हे मी सांगायला विसरलो होतो. पण बुवा आतून म्हणाले, "बरं आहे, स्तोत्र नेमकं तेवढंच आहे." मी त्यांना पलंग दाखवला, गादी दाबून दाखवली, चार उशा दाखवल्या. बुवांनी पलंगाकडे जरा पाहिलं आणि आपली वळकटी त्यावर ठेवली. मला धन्य वाटलं.

दुपारपर्यंत सत्तर माणसं जमली. नेब्रास्काहून, इलिनॉयहून. एम्सच्या विद्यापीठातून नंदू तबला घेऊन आला. त्याची पीएचडी सात वर्षं चाललीये, त्यामुळे हात चांगला तयार झालाय. श्रीरंग मात्र पाचला आला. त्याने तंबू पाहिला, गोधडी पाहिली, गरम पाणी स्वतः हात धरून पाहिलं. "नॉट बॅड, पुरुषोत्तम," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो नव्हतो, पण थांबलो असतो तरी चाललं असतं.

साडेसहाला नैवेद्य. देव बुवांच्या तंबूत मांडले होते, कारण सगळ्यात नीटनेटका तंबू तो. शरयूने आणि नेब्रास्काच्या शोभाकाकूंनी दोन दिवस खपून एकशे चाळीस बेसनाचे लाडू केले होते आणि मोठी परात भरून शिरा. देवापुढे पाच लाडू ठेवून बाकीचे डब्यात झाकायचे, हा चिक्कूपणा मला कधीच आवडला नाही. सगळंच देवापुढे मांडलं. तीर्थाचं पातेलं शेजारी.

"बाबा," सीमा म्हणाली. ती मराठी बोलली म्हणजे प्रकरण गंभीर. "द साइन सेज नो फूड."

मी तिला समजावलं. देवापुढे नेईपर्यंत तो स्वयंपाक असतो. देवापुढे ठेवला की नैवेद्य. उचलला की प्रसाद. यात अन्न कुठे येतं?

"आय डोन्ट थिंक द रकून्स नो दॅट," सीमा म्हणाली.

आमच्याकडे नैवेद्य दाखवला की देवाला एकांत देतात. कुणी बघत असलं की मोकळेपणी जेवता येत नाही, हे सासुरवाडीला गेलेल्या कुठल्याही जावयाला माहीत असतं. पाणी फिरवलं, तंबूच्या मागची कनात सोडली, दार ओढून घेतलं. सत्तर माणसं बाहेर हात जोडून, डोळे मिटून उभी. इतक्यात इलिनॉयवाल्यांची एक व्हॅन चिखलात रुतली, आणि देवाला जरा जास्त वेळ मिळाला.

व्हॅन ढकलून परत आलो तर तंबूतून भांड्याचा आवाज. शोभाकाकूंनी गालांवर बोटं मारून घेतली. "ऐकलंत? प्रत्यक्ष जेवताहेत हो!"

मी दार उघडलं.

चार जण होते. दोघं पलंगावर, बुवांच्या चार उशांना टेकून. एकेक लाडू दोन्ही हातांत धरून, तीर्थाच्या पातेल्यात बुचकळून, शांतपणे खात होते. तिसरा शिऱ्याच्या परातीत बसला होता. म्हणजे पूर्ण बसला होता. चौथ्याने बुवांचं उपरणं पांघरलं होतं. आम्हाला पाहून कुणीही घाई केली नाही. शेवटी नंदूने तबल्याची हातोडी आपटली तेव्हा ते उठले आणि कनातीखालून एकेक करून निघून गेले. जाताना प्रत्येकाने एकेक लाडू घेतला.

गोधडीवर शिरा. गादीवर तीर्थ. उशी फाटून पिसं सगळ्यावर.

श्रीरंग माझ्या मागे उभा होता. तो ओरडला नाही, हेच मला लागलं. हळूच म्हणाला, "बुवा, आपली पिशवी घ्या. शिकागो चार तास. रात्री कार्पेटवर चांगली गादी घालतो."

बुवांनी उपरणं झटकलं. "गादी कशाला? मी तीस वर्षं पलंगावर झोपलो नाही, पाठ धरते. ही फळ्यांची जमीन बघूनच मी सकाळी वा म्हणालो. वळकटीत सतरंजी आहे माझी."

सहा रविवार. एकशे ऐंशी मैलांचा एक, असे सहा. शरयू माझ्याकडे बघत होती. "बुवांना विचारलं होतंत का?" तिने विचारलं. मी पिसं गोळा करू लागलो.

पण श्रीरंगचा प्रश्न सुटतो न सुटतो तोवर आर्लीनबाई आल्या. त्यांनी आत पाहिलं, गोधडी उचलून पाहिली. ती त्यांच्या लग्नाच्या वर्षीची होती, हे त्यांनी सांगितलं नाही. कोपऱ्यात टाक्यांनी दोघांची आद्याक्षरं आणि सालाचा आकडा काढला होता. "मिस्टर पी," त्या म्हणाल्या, "तुम्ही सही केली होती."

माझ्या जिभेवर स्वयंपाक-नैवेद्य-प्रसाद असं सगळं तयार होतं. पण त्या आकड्याकडे बघून ते गिळलं. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "एकट्याची. गोधडी आम्ही धुऊन, शिवून देऊ. यांना बाहेर काढू नका, मला काढा."

"नियम सगळ्यांना असतो. एक तास." मग त्यांची नजर बुवांवर गेली. बुवा उपरण्याच्या निऱ्या घालत होते.  "प्रीचरचं बोलणं अजून व्हायचंय?"

"व्हायचंय," सीमा म्हणाली.

"मी प्रवचन मध्येच तोडणार नाही. ते संपलं की मात्र निघायचं. आणि दहाला आवाज बंद."

सीमाने हे बुवांना मराठीत सांगितलं. तिचं एवढं लांब मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. 'पूर्ण होईपर्यंत राहू शकतो, मग बाय' असं ते होतं, पण पोचलं.

"पूर्ण होईपर्यंत ना?" बुवांनी विचारलं. "बरं."

मी घाईघाईने शेकोटीच्या कड्यात उभा राहून, काट्यांप्रमाणे ओवाळून घेतलं. बुवा उभे राहिले. पण मला त्यातलं काय ऐकू आलं म्हणून सांगू? माझं लक्ष घड्याळात. दहाला कीर्तन संपणार, मग सत्तर माणसं, लहान मुलं, अंधार, आणि एकाही मोटेलात जागा नाही. पत्रकात छापून येणार: व्यवस्था, पुरुषोत्तम. श्रीरंगसुद्धा शिकागोचं नाव न काढता नखं खात होता. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर चाललं होतं, आणि मी गाड्यांत किती माणसं मावतील त्याचा हिशेब करत होतो.

पावणेदहाला बुवा थांबले. सगळ्यांना नाम घ्यायला लावलं. शरयूने त्यांच्या गळ्यात हार घातला, बुक्का लावला. आर्लीनबाई उठल्या. मागे खुर्ची टाकून त्या सगळा वेळ बसून होत्या. त्या माझ्याजवळ आल्या. "झालं?"

 तोवर बुवांनी सीमाला हाक मारली. "बाळ, त्यांना सांग. हा कीर्तनाचा पूर्वरंग झाला. हे मध्यंतर. उत्तररंग व्हायचा आहे. त्याशिवाय कीर्तन पूर्ण होत नाही. हे मी आज ठरवलेलं नाही, परंपरेने आहे. आता दहा वाजत आले, बाईंचा नियम मोडणं बरं नाही. तेव्हा उत्तररंग सकाळी नऊला."

सीमाने सांगितलं. आर्लीनबाईंनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी हात जोडले. 

"म्हणजे प्रवचन संपलेलं नाही."

"नो मॅम," सीमा म्हणाली. "टेक्निकली, नो."

 बाई खुर्चीची घडी करत म्हणाल्या, "संपलं की निघायचं असं मीच म्हणाले होते." आणि निघून गेल्या. श्रीरंगने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. त्याचाही शर्ट शिऱ्याने भरला होता. कसा, ते मी विचारलं नाही.

बुवा फळ्यांवर सतरंजी घालून झोपले. पलंग आणि भिजलेली गादी आम्ही बाहेर काढून ठेवली.

सकाळी नऊला उत्तररंग सुरू झाला. तळ्यावरून वारा येत होता, पेटीचे सूर नीट लागले होते. आख्यान होतं एका गरिबाच्या घरी देव पाहुणा येतो त्याचं. त्या गरिबाची कशी तारांबळ उडते, पाहुण्याला काय हवं हे सोडून बाकी सगळं तो कसं गोळा करत सुटतो, हे सांगताना बुवांनी एक वाक्य सरळ माझ्याकडे बघून टाकलं. मी शेजारी पाहिलं. तिकडे बुवांच्या बाजूला शरयू पेटीवर मान खाली घालून हसत होती.

त्यानंतर मला घड्याळाची आठवण राहिली नाही. डोळे वाहत होते ते पुसायचीही राहिली नाही.

आठवण झाली तेव्हा अकराला पाच कमी होते. तंबू रिकामे करायची वेळ, आणि आख्यानातला देव अजून दारातच उभा होता. शब्द दिला होता. माझ्या पुढच्या रांगेत आर्लीनबाई आपली घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर ती गोधडी, हातात सुई. एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. मी कमरेत वाकून, कुणाला दिसू नये अशा बेताने पुढे गेलो आणि त्यांच्या कानाशी कुजबुजलो, "बाई, अकरा वाजले. आम्ही..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुईच्या हाताने माझी बाही धरून मला खाली ओढलं.

"खाली बसा," त्या म्हणाल्या. "आता कुठे रंगात आलाय तो."

मी बसलो.